गवंडीकाम शिकायला कुठे घालावं? आयटीआय, खाजगी संस्था की थेट मिस्त्रीच्या हाताखाली?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भाचा यंदा दहावीला बसलाय. बाकी विषय निघतील, गणित राहणार असं तो स्वतःच बिनधास्त सांगतो. हाताला मात्र चांगला आहे. बहिणीचं घर बांधायला काढलं होतं तेव्हा सुट्टीभर मिस्त्रीच्या मागेमागे होता, आणि आता म्हणतो मला गवंडी व्हायचंय. दाजी म्हणतात, उन्हातच राबायचं तर घरचं शेत काय वाईट? बहीण डोळ्याला पदर लावते. आणि निर्णय नेहमीप्रमाणे मामावर.

वय साडेसोळा. गाव कराडच्या बाजूला. मी बँकेत, मला चेक आणि चलन यापलीकडे काही कळत नाही. आयटीआयला हा ट्रेड असतो म्हणे. शिवाय तीन महिन्यांच्या कोर्सची एक जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरतेय, शंभर टक्के नोकरी वगैरे. आणि ज्या मिस्त्रीने घर बांधलं तो म्हणतो द्या माझ्याकडे, दोन वर्षांत तयार करतो. कुठे घालावं? ज्यांनी हे काम केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी सांगावं.

वीटभट्टी

शाळा कशाला? ताजमहाल बांधणारे कुठल्या आयटीआयला गेले होते? आमच्या गावातले सगळे गवंडी बापाच्या नाहीतर चुलत्याच्या हाताखाली शिकले. फी नाही, उलट पहिल्या दिवसापासून हजेरीचे पैसे. विचार करू नका, द्या त्या मिस्त्रीकडे.

ओळंबा

राम राम. बांधकामाचे ठेके घेतो, पंचवीसेक वर्षं झाली. बिगारी म्हणूनच सुरुवात केली, म्हणून वीटभट्टी यांच्या बोलण्याला उत्तर देतो.

बापाकडे शिकणं वेगळं आणि परक्या मिस्त्रीकडे शिकणं वेगळं. बाप थापी हातात देतो. परका मिस्त्री घमेलं देतो. त्याचाही दोष नाही. त्याने काम अंगावर घेतलेलं असतं, जितकी ब्रास भिंत चढेल तितके पैसे. पोराच्या हाताने एक थर वाकडा गेला तर तो पाडून परत लावायचा, वीट गेली, सिमेंट गेलं, अर्धा दिवस गेला. मग तो पोराला माल कालवायला लावतो, विटा भिजवायला लावतो, परांचीवर, म्हणजे उंचावर उभं राहायच्या मचाणावर, घमेली द्यायला लावतो. दुपारी मिस्त्री भाकरी खायला बसला की पोरगं गुपचूप थापी उचलून दोन विटा लावतं. तेवढंच शिक्षण. कोपरा तर कुणी हात लावू देत नाही. आणि गवंडी म्हणजे कोपराच हो. दोन कोपरे ओळंब्यात, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाच्या सरळ रेषेत, उभे राहिले की मधली भिंत दोरीवर कुणीही भरतं. मी अशी माणसं बघितलीत जी आठ-दहा वर्षं मधलीच भिंत भरतात आणि स्वतःला मिस्त्री म्हणवतात.

शाळेत घालायचं ते एवढ्यासाठीच. तिथं भिंत चुकवायची आणि पाडायची परवानगी असते. साइटवर ती नसते. मग शाळा निवडताना बघायचं काय, तर पोरगं स्वतःच्या हाताने किती वेळा कोपरा उभा करणार आणि किती वेळा पाडणार. इमारत, कॉम्प्युटर लॅब, भिंतीवर लावलेले फोटो, ते सगळं बाजूला ठेवा.

सिव्हिलवाली

ओळंबाकाकांना +१. वाचनखूण साठवली.

मावळातला_मास्तर

आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता निवृत्त. थोडी माहिती नीट देतो, कारण या विषयावर ऐकीव बरंच चालतं.

आयटीआयमधला ट्रेड कागदोपत्री ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ या नावाने आहे. मुदत एक वर्ष. दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो, त्यामुळे गणिताची काळजी सोडा. किमान वय १४. वर्षाचे तास १२००, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार-कौशल्याचे, म्हणजे अर्ज लिहिणं, मुलाखत, थोडं इंग्रजी, थोडा कॉम्प्युटर. शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामावर किंवा गटाने केलेला प्रकल्प. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं.

आता तीन अडचणी. एक म्हणजे हा ट्रेड प्रत्येक आयटीआयला नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर सगळीकडे, गवंडी मोजक्या ठिकाणी. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पद्धतीने होतो, तिथे विकल्प भरताना कुठल्या संस्थेत हा ट्रेड आहे ते दिसतं. तालुक्याचं आयटीआय म्हणून डोळे झाकून विकल्प भरला आणि मुलगा भलत्याच ट्रेडला गेला, असं दरवर्षी होतं.

दुसरी अडचण पुढच्या शिक्षणाची, आणि ही पालकांना कुणी सांगत नाही. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे खरं, पण त्याला दहावी पास आणि दोन वर्षांचा योग्य ट्रेड लागतो. गवंडीचा ट्रेड एक वर्षाचा. मुलाला पुढे सिव्हिल डिप्लोमा करून सुपरवायझर व्हायचं असेल तर ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड त्या वाटेवर बसतो, पण त्यात थापी कमी आणि पेन्सिल जास्त. शिवाय त्याला दहावी पास लागते. तेव्हा गवंडीला घाला किंवा नका घालू, दहावीचं गणित मात्र फेरपरीक्षेत सोडवून घ्या.

तिसरी अडचण मालाची. ८४० तास वेळापत्रकात असतात. प्रत्यक्षात विटा असतील तर ते तास, नाहीतर मुलं सावलीला. हे संस्थेगणिक आणि निदेशकागणिक बदलतं. निदेशक स्वतः या ट्रेडचा आहे का, त्याने निदेशकाचं प्रशिक्षण घेतलंय का, की दुसऱ्या ट्रेडच्या माणसाकडे जादा कारभार दिलाय, हे सरळ विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कृष्णाकाठ

मास्तर, ही दोन वर्षांची भानगड खरंच कुणी सांगितली नव्हती. आभार. पण संस्थेत जाऊन मी त्यांच्या सरावाच्या अंगणात उभा राहिलो तरी मला काय कळणार? बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

ओळंबा

जाताना एक ओळंबा खिशात घालून जा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

कुठल्यातरी मुलाने बांधलेली भिंत दाखवा म्हणा. मुलाने बांधलेली हं, निदेशकाने नमुन्याला बांधून ठेवलेली रंगवलेली भिंत नको. ओळंबा लावा. मग उभे सांधे बघा. एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर आला असेल तर ती भिंत तिथंच चिरणार. सांधा साधारण दहा मिलिमीटर असावा, कुठं बोटभर कुठं नखभर असेल तर हात बसलेला नाही. विटेवर भट्टीचं नाव असतं ती खाच वर आहे का बघा, ती मालाने भरली की वरची वीट पकडते. विटा भिजवायची टाकी ओली आहे का कोरडी? कोरडी वीट मालातलं पाणी पिते आणि सिमेंट उपाशी राहतं.

आणि सगळ्यात मोठी खूण सांगतो. पाडलेल्या भिंतींच्या विटा साफ करून रचलेला ढीग कुठे आहे ते शोधा. जिथं खरं शिकवतात तिथं सरावाची भिंत मातीत किंवा चुना-वाळूच्या कच्च्या मालात बांधतात, म्हणजे संध्याकाळी पाडता येते आणि तीच वीट उद्या परत वापरता येते. त्या ढिगातल्या विटांच्या कडा झिजलेल्या असतात. ढीगच नसेल, किंवा विटा नव्याकोऱ्या लालभडक असतील, तर चहा प्या आणि घरी या.

मावळातला_मास्तर

ओळंबा, तुम्ही आमचं इन्स्पेक्शन करायला यायला हवं होतं. (हलके घ्या.) ढिगाची खूण शंभर टक्के बरोबर आहे.

अर्चना_के

मी वेगळ्या अनुभवाने लिहिते. माझ्या भावाला अशाच एका ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या खाजगी केंद्रात घातलं होतं. नाव लिहीत नाही. कोर्स मोफत, वर टी-शर्ट आणि बॅग. प्रोजेक्टरवर इंग्लिश बॉण्ड, फ्लेमिश बॉण्ड अशा विटा रचायच्या पद्धतींची चित्रं दाखवली. हजेरी अंगठ्याने, मग अंगठा लावून निम्मे घरी. परीक्षेच्या आदल्या दिवशी विटा आल्या. परीक्षेत तो पास झाला, प्रमाणपत्रही आलं, आणि प्लेसमेंट म्हणून एका गोदामात सिक्युरिटीची नोकरी दाखवली. आज तो रिक्षा चालवतो. वाईट काही नाही त्यात, पण गवंडी व्हायची हौस गेली.

जाता जाता प्रश्न: मुलींना कुणी घेतं का या कामाला? माझी पुतणी विचारत होती, मी गप्प बसले.

सिव्हिलवाली

मी पुण्यात साइट इंजिनियर आहे. अर्चनाताई, आयटीआयमध्ये मुलींना प्रवेश आहेच, ट्रेड कुठलाही असो. आपल्याकडे साइटवर बाया घमेलं उचलताना दिसतात, थापी धरताना नाही, हे खरं. पण झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या काळात गावोगावच्या बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात, आणि त्यांनी शौचालयं बांधून दाखवली. पुतणीला हो म्हणा.

आता मूळ प्रश्नाकडे. कुठे शिकावं याच्या इतकंच काय शिकावं हेही बघा, कारण काम बदललंय. मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात (सगळे त्याला मायवान म्हणतात) भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. तिथे विटेचं काम जवळजवळ उरलेलंच नाही. जिथे भिंत बांधायची असते तिथे एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. ब्लॉक सहाशे मिलिमीटर लांब, दोनशे उंच, आणि सांध्याला सिमेंटचा माल नाही, पिशवीतलं चिकट मिश्रण, जेमतेम तीन मिलिमीटर. विटेचा गवंडी तिथे सवयीने जाड सांधा देतो आणि आम्ही वैतागतो. आतल्या भिंतींना जिप्समचा गिलावा, त्याला पाणी मारावं लागत नाही. आणि सगळ्यात जास्त मागणी फरशीवाल्याला. मोठ्या टाइल्स आल्यापासून लेव्हल काढून फरशी बसवणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला की तो वेळ स्वतः ठरवतो, आम्ही नाही.

म्हणून संस्थेला विचारा: ब्लॉकचं काम शिकवता का? फरशी शिकवता का? लेझर लेव्हल आहे का, आणि ती मुलांच्या हातात देता की कपाटात?

त्याचा अर्थ वीट सोडा असा नाही हां. ज्याला विटेचा कोपरा जमतो त्याला ब्लॉक चार दिवसांत जमतो. उलटं होत नाही.

वीटभट्टी

तुमच्या पुण्यात बदललं असेल. तालुक्यात अजून वीटच आहे. बंगले, घरकुलं, गोठे, विहिरीची कडी. आणि एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आयटीआय करून गवंडी झाला तरी गवंडीच. लग्नाला मुलगी कोण देणार?

कृष्णाकाठ

हेच वाक्य दाजींनी म्हटलंय. शब्दही तेच.

अर्चना_के

आणि जो सात वर्षं लायब्ररीत बसून एमपीएससीची तयारी करतोय त्याला रांग लागलीय का मुलींची?

वीटभट्टी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रत्नांग्रीकर

जरा अवांतर. सगळे वीट वीट करतायत म्हणून लिहितो. आमच्याकडे खाली कोकणात आणि पुढे गोव्यात भिंत म्हणजे चिरा, जांभ्या दगडाचा ठोकळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, आणि उघड्यावर हवा लागली की टणक होत जातो. आता खाणीत मशीनने कापतात, तरी घरावर आल्यावर प्रत्येक चिरा पारखून, कडा तासून बसवावा लागतो. हे कुठल्याही आयटीआयच्या पुस्तकात धड येत नाही. कुठे शिकायचं, तर चिरा लावणाऱ्या गवंड्याकडेच. तेच काळ्या दगडाचं. घाटावर डबराचं बांधकाम, घडीव दगडाचा चौथरा, वाड्यांची दुरुस्ती. या कामाला माणसं कमी होत चाललीत, आणि जुन्या देवळांची, वाड्यांची चुन्यातली दुरुस्ती करणारा गवंडी शोधायला लोक लांबलांबून येतात. तेव्हा शाळा झाल्यावर भाच्याला वर्षभर एखाद्या दगडवाल्याकडे ठेवा. शाळा आणि मिस्त्री यांत एकच निवडायला कुणी सांगितलंय?

पाबळकर_एकेकाळचा

रत्नांग्रीकरांचं शेवटचं वाक्य पटलं. मी तिसरा पर्याय मांडतो. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. तिथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम असतो, शिक्षण हातानेच. गवंडीकाम हा त्यातला एक भाग, जोडीला वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, पशुपालन. फेरोसिमेंट म्हणजे जाळीवर सिमेंट थापून पातळ टाकी किंवा पत्रा कसा करायचा हे तिथे कळतं, ते आयटीआयमध्ये सहसा नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर स्वस्त आणि हलक्या घरासाठी पाबळचा घुमट पुढे आला, तो इथलाच.

पण प्रामाणिकपणे सांगतो, निव्वळ उत्तम गवंडी व्हायचं असेल तर तिथे गवंडीकामाला एकट्या ट्रेडइतके तास मिळत नाहीत. गावात राहून चार प्रकारची कामं घ्यायची असतील, म्हणजे विहिरीची मोटारही बसवली, गोठाही बांधला, शेडही वेल्ड केली, अशा मुलाला ते फार उपयोगी. शाळेत मार खाल्लेल्या मुलांना तिथे पालवी फुटते.

बाहेर पाठवायची तयारी असेल तर भुजला हुन्नरशाळा आहे. २००१च्या कच्छ भूकंपानंतर उभी राहिली. शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांची कारीगरशाळा चालते, त्यात भिंतीचं काम आणि सुतारकाम. मातीच्या भिंती, दाबलेल्या मातीचे ब्लॉक, असल्या कामाला आता शहरातले लोकच मागे लागलेत.

सिव्हिलवाली

एल अँड टीचं राहिलं. त्यांच्या बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था १९९५पासून आहेत, आपल्याला जवळची पनवेलची. गवंडी, सेंट्रिंगचं सुतारकाम, सळई बांधणं, प्लंबिंग असे ट्रेड, काही महिन्यांचे. फी नाही, राहायची सोय असते. मोठ्या साइटची शिस्त तिथे अंगात भिनते: हेल्मेट, बूट, सुरक्षा पट्टा, परांची कशी बांधायची. तयार झाल्यावर बहुतेक मोठ्या प्रकल्पांवर जावं लागतं, राज्याबाहेरही. भाच्याची तयारी आहे का?

पण अडचण वयाची. तिथे १८ पूर्ण लागतात.

मावळातला_मास्तर

वयाचा मुद्दा सिव्हिलवाली यांनी बरोबर काढला. साडेसोळाला आयटीआय आणि पाबळ हे दोनच सरळ रस्ते. एल अँड टी १८ला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६०, आणि तिला मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ती नोंदणी पुढे जरूर करा, मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मदतीपर्यंत उपयोग होतो, वर्षावर्षाला नूतनीकरण मात्र विसरू नका. पीएम विश्वकर्माही १८ पूर्ण झाल्यावर.

कृष्णाकाठ

विश्वकर्मामध्ये १५ हजारांचं अवजारांचं व्हाउचर मिळतं म्हणे. मिस्त्री म्हणत होता ते आधी घ्या, शाळेचं नंतर बघा.

मावळातला_मास्तर

शिकायचं काय आणि मिळवायचं काय यात मिस्त्रीची गल्लत होतेय. ही योजना सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांत गवंडी आहे. आधीच काम करणाऱ्या, स्वतःचा धंदा असणाऱ्या कारागिरासाठी ती आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, हवं तर पुढे पंधरा दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५ हजारांचं व्हाउचर आणि पाच टक्क्याने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. तो मिस्त्री स्वतः घेऊ शकतो, आनंदाने घ्यावं. सात दिवसांत कुणी नवा गवंडी होत नाही.

तसंच ‘आरपीएल’चं. आधी शिकलेल्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देतात. पंधरा वर्षं काम करणाऱ्याला ते योग्य. नवशिक्याला कुणी तेच विकत असेल तर पळा.

ओळंबा

प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण असतं तेही सांगा मास्तर. त्यात लाभार्थ्याचं खरं घर बांधतच शिकवतात. आमच्याकडे एका गावात बघितलं, ज्यांना आधी थोडं येत होतं ती पोरं त्यातून चांगली तयार झाली. अगदी कोऱ्याला ४५ दिवस कमी पडतात.

स्टुटगार्टहून

इथून थोडं. महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांचा २०२४मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून ओळखीपाळखीतून गवंड्यांचीही चौकशी येते, म्हणून इथली पद्धत सांगतो. जर्मनीत गवंडी म्हणजे ‘माउरर’, आणि शिक्षण तीन वर्षांचं. मुलगा आधी एखाद्या बांधकाम कंपनीशी करार करतो, पगार पहिल्या महिन्यापासून. वेळ तीन ठिकाणी वाटलेला: कंपनीच्या साइटवर, व्यवसाय शाळेत आणि सगळ्या कंपन्यांनी मिळून चालवलेल्या सराव केंद्रात. दोन वर्षांनी एक परीक्षा, तिथे थांबता येतं, तिसरं वर्ष केलं की पूर्ण माउरर. स्वतःची फर्म काढायची तर पुढे ‘माइस्टर’ व्हावं लागतं, त्याशिवाय गवंडीकामाची फर्म सहसा काढता येत नाही. त्या सराव केंद्रात मी गेलोय. ओळंबा म्हणतात तसंच, दिवसभर बांधायचं, मास्तरने तपासायचं, संध्याकाळी पाडायचं.

इकडे यायचं स्वप्न असेल तर भाषा आधी, थापी नंतर. जर्मन न येता आलेली मुलं साइटवर फोरमनचं ओरडणं ऐकून गोंधळतात, आणि उंचावर गोंधळणं परवडत नाही.

सिव्हिलवाली

परदेशाचं निघालंच आहे तर, इस्रायलसाठी २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये चाचण्या झाल्या होत्या: सेंट्रिंग, सळई, गिलावा, फरशी. तिथे कागद कमी, काम करून दाखवा जास्त. युद्धाच्या ठिकाणी जावं का हा वेगळा धागा होईल, पण हातात काम नसेल तर तिथे प्रमाणपत्राने भागत नाही.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. भाच्याला आणि दाजींनाही नेलं. नावं लिहीत नाही.

व्हॉट्सअॅपवाल्या केंद्रात विटाच नव्हत्या. बाई म्हणाल्या बॅच सुरू झाली की येतील. अर्चनाताई, तुमची आठवण आली, बॅग आणि टी-शर्ट तयार होते.

आयटीआय दोन बघितली. पहिल्यात अंगण झाडून स्वच्छ, निदेशक दुसऱ्या ट्रेडचे, स्वभावाने चांगले, ‘मी फक्त सांभाळतोय’ असं स्वतःच म्हणाले. दुसरं लांब आहे, एसटीने दीड तास, पण गेटातून आत गेल्यावर उजवीकडे तो ढीग! झिजक्या कडांच्या विटा. दाजींनी माझ्याकडून ओळंबा घेतला आणि तीन भिंतींना लावला. एक मुलगा कोपरा पायऱ्या-पायऱ्यांनी चढवत होता, भाचा त्याच्याशी अर्धा तास बोलत बसला. ब्लॉकचं काम शिकवतात, फरशी थोडी, लेझर लेव्हल नाही. निदेशक म्हणाले मागच्या वर्षी वाळू उशिरा आली म्हणून दोन महिने सराव मातीत चालला. हे त्यांनी न विचारता सांगितलं, ते मला आवडलं. दाजी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की हॉस्टेल बघितलं का.

हॉस्टेल आहे, जागा थोड्या. रोज तीन तास एसटी की खोली भाड्याने, यावर घरी खल चालू आहे.

पाबळकर_एकेकाळचा

साडेसोळाच्या मुलाला रोज तीन तास एसटी आणि दिवसभर उभ्याने काम, दिवाळीपर्यंत गळेल. गावातले अजून दोघं मिळाले तर खोली बघा.

मावळातला_मास्तर

माझंही तेच मत. विकल्प भरताना हीच संस्था आणि हाच ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाका. पहिल्या विकल्पाची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून वरचा विकल्प गमतीने भरू नका. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक खात्याचं नाव जुळतंय का हे आत्ताच बघून घ्या. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला काय सांगायचं. आणि हजेरी ८० टक्के लागते परीक्षेला.

सिव्हिलवाली

पहिल्या दिवसापासून हातमोजे द्या त्याला. ओलं सिमेंट हाताची सालं काढतं, आणि एकदा त्वचेला त्याची अॅलर्जी बसली की आयुष्यभर पाठ सोडत नाही, चांगले गवंडी धंदा सोडताना बघितलेत. फरशी शिकेल तेव्हा ग्राइंडरने कोरडी टाइल कापायची नाही, पाणी मारून कापायची. ती धूळ फुफ्फुसात बसते. मिस्त्री लोक हसतील, हसू द्या.

कृष्णाकाठ

घेतो. थापी कुठली घ्यावी? आणि निकालापर्यंतच्या सुट्टीत ओळंबाकाकांच्या साइटवर आला तर चालेल का?

ओळंबा

थापी एकच घ्या, मध्यम, घडीव पोलादाची. पत्र्याची वेल्ड केलेली नको, माल उचलताना मान वाकते. मूठ लाकडाची, त्याच्या हातात मावेल अशी, म्हणून दुकानात त्यालाच न्या. जोडीला दोरी, काटकोन तपासायचा गुण्या आणि लहान स्पिरिट लेव्हल. रंधा आणि पट्टी संस्थेत मिळेल. ओळंबा तुमच्याकडे आहेच, तो आता त्याला देऊन टाका.

साइटवर कामाला नाही घेणार. १८ पूर्ण नसलेलं पोरगं मी परांचीवर चढवत नाही, कुणाचंही असलं तरी. बघायला आणा. कराड-मसूर रस्त्याच्या बाजूला एक बंगला चालू आहे, पुढच्या आठवड्यात जोत्याच्या वर येईल, तेव्हा चारही कोपरे एकदम उभे करायचे आहेत. सकाळी आठच्या आत या, उन्हाच्या आधी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.